डिझेल कॉम्प्रेशन टेस्टर किट: जुनं इंजिन सुरू होत नसेल तर ही पेटी किती कामाची?

जुनं डिझेल इंजिन सेल्फ मारूनही सुरू होईना, की ‘कॉम्प्रेशन गेलं असेल’ हे वाक्य लगेच कानावर येतं. पाठोपाठ इंजिनाचं काम काढायची भाषा सुरू होते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, खरंच गेलंय का, हे मोजून बघणारे मात्र फार थोडे. मोजायचं साधन साधंच आहे: प्लॅस्टिकच्या पेटीत ७० बारपर्यंतचं एक गेज, जाड रबरी पाइप, दाब सोडायचं बटण आणि हीटर प्लगच्या (थंड इंजिनात आतली हवा तापवणारा प्लग) किंवा नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) जागी बसणारे दहा-बारा अडॅप्टर. पेटीवरची नावं वेगवेगळी असतात, आतला माल बहुतेक सारखाच असतो. या प्रकारच्या किटाबद्दल मत असं: गेज कामाचं, अडॅप्टर निम्मे कामाचे, जोड कच्चा, आणि सोबतचा माहितीचा कागद नसल्यात जमा. तरीही जुन्या डिझेलवर नियमित काम करणाऱ्याने ते घ्यावंच. फक्त त्याआधी दोन गोष्टी बघितलेल्या असाव्यात: सेल्फ पुरेशा वेगाने फिरतोय का आणि डिझेल नोझलपर्यंत पोचतंय का. त्या न बघता गेज लावलं तर आकडा येतो, निदान होत नाही.

पहिलं बघायचं ते सायलेन्सरकडे. दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारल्यावर पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही. धूर अजिबात येत नसेल तर डिझेलच पोचत नाही, आणि हे किट पेटीतच राहू द्या. धूर नसलेल्या इंजिनावर कॉम्प्रेशन मोजत बसणं म्हणजे वेळ घालवणं आहे. तिथे स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे पंपातलं डिझेल सोडणारी-अडवणारी विजेवरची झडप, बघायचा: चावी फिरवल्यावर त्याच्या वायरवर १२ व्होल्ट येतात का, आणि वायर काढून परत लावताना ‘टक’ आवाज येतो का. रोटरी पंपाच्या इंजिनांत हा सोलेनॉइड मिटला की पंप ठणठणीत असूनही नोझलला थेंब जात नाही. तो ठीक असेल तर नोझलकडच्या टोकाला पाइपाचा नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा. स्वच्छ डिझेल ठोक्याठोक्याने उसळायला हवं. फेस आला तर लाइन हवा घेतेय. बँजोचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर, फिल्टरची रिंग, प्रायमरचा (डिझेल चढवायच्या हातपंपाचा) डायफ्राम आणि वळणावर तडकलेला रबरी पाइप, याच क्रमाने बघा. पंपाच्या इनलेटला वीतभर पारदर्शक पाइप तात्पुरता टाकला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. हे करताना हात आणि तोंड नटापासून लांब ठेवा. दाबाखालचं डिझेल कातडी भेदून आत जातं आणि ती जखम दिसते त्यापेक्षा फार गंभीर असते.

पांढरा धूर येतोय, तर पुढची पायरी हीटर प्लग. सगळ्या प्लगना जोडणारी पट्टी काढा, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि टोक एकेका प्लगच्या डोक्याला टेकवा. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत आहे. नाही लागला तर तो प्लग मेलेला आहे. मल्टिमीटरवर चांगला प्लग थंड असताना साधारण १ ओहमच्या आसपास किंवा त्याखाली दाखवतो. चारपैकी दोन प्लग गेले तरी थंड इंजिन पांढरा धूर ओकत बसतं आणि लोक रिंग-पिस्टनचा संशय धरतात.

इथे स्टार्टिंग स्प्रेबद्दल बोललंच पाहिजे, कारण किट घ्यायचं सोडून लोक तो डबा उचलतात. त्यातला इथर सुमारे १६० अंशांना आपोआप पेटतो, आणि तापलेल्या हीटर प्लगचं टोक ८०० अंशांच्या वर असतं. पिस्टन वर येण्याआधीच भडका उडतो, पिस्टनच्या रिंगा आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या तुटतात. हीटर प्लगच्या इंजिनात तो मारूच नये. कॉम्प्रेशनची शंका आहे म्हणून स्प्रे मारायचा आणि त्यानेच कॉम्प्रेशन घालवायचं, हे नुकसान अगदी टाळता येण्यासारखं आहे.

आता पेटी उघडू. किट घेताना सगळ्यात आधी काय बघायचं? गेज नाही. एकतर्फी व्हॉल्व्ह कुठे आहे ते. तो पाइपाच्या इंजिनाकडच्या टोकाला, म्हणजे अडॅप्टरमध्ये किंवा त्याला लागूनच हवा. काही स्वस्त किटांत तो गेजजवळ असतो, आणि तेवढ्या एका कारणासाठी असं किट परत करावं. कारण हिशोबाने बघा. फोक्सवॅगनच्या जुन्या १.६ लिटर डिझेल इंजिनात एका सिलिंडरचं आकारमान ३९७ सीसी आणि कॉम्प्रेशन रेशो २३ आहे. म्हणजे पिस्टन अगदी वर असताना उरणारी जागा फक्त १८ सीसी. आतून ३ मिलिमीटर व्यासाचा ४० सेंटिमीटर पाइप घेतला तर त्यात २.८ सीसी हवा मावते. व्हॉल्व्ह गेजजवळ असेल तर ही जागा प्रत्येक ठोक्याला सिलिंडरचाच भाग बनते आणि रेशो २३ वरून २० वर येतो. दाब सुमारे १६ टक्के कमी दिसतो. या इंजिनाचा नवेपणीचा दाब ३४ बार आणि झिजेची मर्यादा २८ बार आहे. म्हणजे अगदी नवं इंजिनसुद्धा अशा किटावर जवळपास काम काढायला आलेलं दिसेल! व्हॉल्व्ह टोकाला असला की पहिल्या काही ठोक्यांत पाइप भरतो, ती हवा परत येत नाही, आणि काटा खऱ्या दाबापर्यंत चढतो. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वरची जागा मोठी असल्याने हा फरक एवढा बोचत नाही. डिझेलमध्ये मात्र त्यावरच सगळं अवलंबून आहे.

त्या व्हॉल्व्हची पिन टायरच्या व्हॉल्व्हसारखी दिसते, आटेही तेच असतात. खराब झाली की टायरची पिन टाकून काम भागवायचा मोह होतो. तसं करू नका. टेस्टरच्या पिनेची स्प्रिंग मुद्दाम हलकी असते. टायरच्या पिनेची स्प्रिंग कडक असल्याने ती उघडायलाच दाब खर्ची पडतो आणि आकडा कमी येतो. शिवाय टायरच्या पिनेचं रबर त्या उष्णतेसाठी नसतं. किटासोबत दोन सुट्या पिना मिळाल्या तर उत्तम, नाहीतर टेस्टरच्याच पिना वेगळ्या मागवून पेटीत ठेवा.

गेजबद्दल तक्रार नाही. ७० बार म्हणजे साधारण १००० पीएसआयची पट्टी जुन्या डिझेलला पुरते, आणि काट्याची चाल सहसा स्वच्छ असते. डायलवर कुठेतरी २.५ असा आकडा छापलेला असेल तर ती अचूकतेची श्रेणी आहे: पूर्ण पट्टीच्या अडीच टक्के, म्हणजे १.७५ बार इकडे-तिकडे. दोन सिलिंडरांत दीड बारचा फरक आला म्हणून घाबरायचं कारण नाही, एवढं त्यावरून कळतं. पेट्रोलचं २० बारचं गेज डिझेलवर कधीही लावू नका, पहिल्या काही ठोक्यांतच त्याची आतली नळी वाकू किंवा फुटू शकते.

अडॅप्टरांची गोष्ट जरा वेगळी. दहा-बारा तुकडे बघून समाधान वाटतं, पण जुन्या इंजिनांवर खरे कामाला येतात ते तीन-चार: हीटर प्लगच्या जागेसाठी एम१० आणि एम१२, स्क्रूने बसणाऱ्या नोझलच्या जागेसाठी एम२४ आणि काही इंजिनांसाठी एम२०. एम१० मध्येही आटे बारीक-जाड असे दोन प्रकारचे येतात. हाताने तीन-चार आटे मोकळे फिरत नसतील तर पाना लावू नका, बऱ्याच हेडचे आटे ॲल्युमिनियमचे असतात आणि बिघडले की खर्च फार वाढतो. क्लॅम्पने दाबून बसवलेल्या नोझलसाठी आणखी डमी अडॅप्टर लागतात, ते बहुतेक स्वस्त किटांत एक-दोनच असतात. आपल्या इंजिनाच्या प्लगचा आटा आधी मोजून मगच किट निवडा.

जोड म्हणजे क्विक कपलर, ही या किटाची सगळ्यात दुबळी जागा. आतली ओ-रिंग साध्या रबराची असते आणि डिझेल लागून फुगते किंवा कडक होते. म्हणून मोजणीआधी किटच तपासायचं. अडॅप्टरच्या टोकाकडून कंप्रेसरची ७-८ बार हवा द्या, कंप्रेसरची नळी काढून घ्या आणि जोड, बटण, पाइपाची टोकं साबणाच्या पाण्यात बुडवा. काटा मिनिटभर जागेवर राहिला पाहिजे. बुडबुडे आले तर उष्णता आणि डिझेल सोसणारी व्हायटॉनची ओ-रिंग टाका. ही तपासणी सोबतच्या कागदावर कुठेही लिहिलेली नसते. सगळ्या सिलिंडरचा दाब सारखाच कमी आला तर पहिला संशय इंजिनावर न जाता याच जोडावर जायला हवा.

प्रत्यक्ष मोजणी. बॅटरी पूर्ण चार्ज करा: स्थिर असताना १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. सेल्फ चालू असताना मल्टिमीटरचं एक टोक इंजिनाच्या ब्लॉकला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचे नट गंजलेत. जुनी इंजिनं ‘कॉम्प्रेशन नाही’ म्हणून सोडून दिली जातात त्यातली कितीतरी याच पट्टीपाशी अडलेली असतात. टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबणारे भाग) हाताने सेट करायचे असतील तर ते आधी तपासा. गॅप राहिली नसेल तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि दाब तिथून गळतो. एअर फिल्टर काढून ठेवा. ज्या जुन्या पंपांचा गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) व्हॅक्यूमवर चालतो त्यांच्या इनटेकमध्ये फुलपाखरी झडप असते. मोजताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ती उघडी ठेवा, नाहीतर इंजिनाला श्वासच मिळत नाही.

स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा म्हणजे डिझेल येणार नाही. ती न काढता मोजलं तर सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं, काटा एकदम वर उडतो आणि गेज कायमचं चुकीचं दाखवायला लागतं. सोलेनॉइड नसलेल्या पंपावर स्टॉपची दोरी ओढून बांधून ठेवा. हीटर प्लगची वायर सुटी झाल्यावर तिला टेप गुंडाळा, चावी फिरवली की तिच्यात करंट येतो.

प्लग काढणं हा धोक्याचा भाग आहे. एम१०चे बारीक प्लग कार्बनमध्ये चिकटून बसतात आणि जोर लावला की हेडमध्येच तुटतात. इंजिन सुरूच होत नाही, त्यामुळे गरम करून सोडवायची सोय नाही. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल घाला, दुसऱ्या दिवशी थोडं मागे, थोडं पुढे असं करत काढा. अडकला तर सोडून द्या आणि नोझलच्या जागेतून मोजा. नोझल काढले तर खालचे तांब्याचे किंवा उष्णतारोधक वॉशर नवेच टाकायचे. जुना वॉशर परत बसवला की तिथून गॅस गळतो, आणि इंजिनाला एक बिघाड जादा लागतो.

सगळे प्लग काढून एका सिलिंडरला अडॅप्टर बसवा. आता सेल्फ मारताना फक्त त्या एकाच सिलिंडरचा अडथळा ऐकू येतो, आणि त्यातून वेगही मोजता येतो. अडथळा दर दोन फेऱ्यांना एकदा येतो. ५ सेकंदांत किती वेळा आला ते मोजा आणि २४ ने गुणा. ८ आले तर मिनिटाला १९२ फेरे. १५० फेऱ्यांच्या खाली आलेला कुठलाही दाबाचा आकडा वहीत लिहूच नये. वेग ठीक असेल तर काटा चढायचा थांबेपर्यंत, साधारण सहा ते आठ ठोके द्या. आकडा लिहा, बटण हळू दाबून हवा सोडा, पुढचा सिलिंडर घ्या. मध्ये मिनिटभर सेल्फला विसावा द्या. सगळ्यांना सारखेच ठोके द्यायचे, नाहीतर तुलना फसते.

आकड्याचा अर्थ इंजिनाच्या पुस्तकातून काढायचा, ऐकीव गोष्टींवरून नाही. वर सांगितलेल्या १.६ लिटर इंजिनाला २८ बारची मर्यादा आणि सिलिंडरांमध्ये ५ बारपर्यंतचा फरक चालतो. मर्सिडीजच्या ओएम६१७ या डिझेल इंजिनाला मात्र २२ ते २४ बार हाच नेहमीचा दाब आहे, किमान मर्यादा सुमारे १५ आणि फरक जास्तीत जास्त ३ बार. म्हणजे २४ बार हा आकडा एका इंजिनाला निरोगी ठरवतो आणि दुसऱ्याला झिजलेलं. पुस्तकातले आकडे सहसा गरम इंजिनाचे असतात, थंड इंजिनाला थोडा कमीच येणार. समुद्रसपाटीपासून १००० मीटरवर हवेचाच दाब साधारण ११ टक्के कमी असतो, तोही धरायला हवा. म्हणून सुरू न होणाऱ्या इंजिनात मोठ्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो.

काट्याची चालही नीट बघा. पहिल्या ठोक्याला कमी आणि मग हळूहळू चढत जातो, तर रिंगांचा संशय. पहिल्यापासून कमी आणि पुढेही तिथेच, तर सिलिंडरचे व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली, तर दोघांच्या मधलं हेड गॅसकेट. सगळे सारखे कमी आणि किट, बॅटरी, अर्थिंग ठीक, तर टायमिंगचा बेल्ट दात सोडून बसलाय का ते बघा, त्यानंतर झिजेकडे वळा. बरेच दिवस उभ्या असलेल्या इंजिनात रिंगा नुसत्या चिकटलेल्या असू शकतात. तिथे पहिल्या मोजणीवर काम काढू नका.

पेट्रोलवाले करतात ती ‘तेल घालून मोजायची’ युक्ती इथे फसवते. त्याच १८ सीसी जागेत ५ मिलिलिटर तेल घातलं तर १३ सीसी उरते आणि रेशो ३१ च्या पुढे जातो. व्हॉल्व्ह गळत असला तरी आकडा वाढणार आणि आपण रिंगांवर ठपका ठेवणार. तेल आणखी जास्त झालं तर पिस्टनला वर यायला जागाच राहत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. घालायचंच तर मिलिलिटरभर, आणि मोजायच्या आधी प्लगची भोकं उघडी ठेवून इंजिन चार फेरे फिरवून घ्या. गळती कुठून होते हे ठरवायला कंप्रेसरची हवा सरळ सिलिंडरमध्ये सोडणारा लीक-डाउन टेस्टर जास्त खरं सांगतो: तेल भरायच्या तोंडातून सूं आवाज आला तर रिंगा, इनटेकमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट. ते काम या किटाने होत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये.

एकाच इंजिनासाठी, एकदाच मोजायचं असेल तर किट विकत न घेता कुणाकडून आणलेलं बरं, कारण पडून राहिलं की त्याच्या ओ-रिंगा कडक होतात. दोन-तीन जुनी इंजिनं हाताखाली असतील तर मात्र घ्या आणि दर वर्षी गरम इंजिनाचे आकडे वहीत लिहून ठेवा. इंजिन चालू असतानाच्या त्या नोंदी जवळ असल्या की बंद पडल्यावर आलेला आकडा कशाशी ताडायचा हा प्रश्न उरत नाही. काम झाल्यावर पाइपातला दाब सोडा, अडॅप्टरवरचा कार्बन पुसा, पाइप मुडपून न ठेवता सैल गुंडाळा. हीटर प्लग परत बसवताना आट्यांवरचा कार्बन साफ करून टॉर्क पान्यानेच घट्ट करा: एम१० ला साधारण १५ न्यूटन मीटर, एम१२ ला २० ते २५, आणि पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तो.